पडद्यावरच्या पोशाखांतून फॅशनचा इतिहास : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांतील वेशभूषेच्या आधारे अठराव्या शतकापासून १९७० च्या दशकापर्यंतच्या पाश्चात्त्य फॅशनचा इतिहास शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम अलीकडेच पूर्ण केला. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, प्रत्येक व्याख्यानासोबत कपड्यांच्या बेतणीच्या आकृत्या, संज्ञांची एक पुस्तिका आणि शेवटी छोटी चाचणी असे त्याचे स्वरूप आहे. असा विषय म्हटला की दोन शंका आधीच मनात येतात. एक तर ती देखण्या कपड्यांच्या चित्रफितींची नुसती माळ असेल, नाहीतर या प्रसंगात ही चूक आणि त्या प्रसंगात ती चूक अशी जंत्री असेल. हा अभ्यासक्रम बहुतांशी या दोन्हींतून वाट काढतो. जिथे त्याची वाट चुकते, तिथे ती का चुकते हेही पाहण्यासारखे आहे.

व्याख्यातीची मूळ भूमिका पहिल्याच व्याख्यानात स्पष्ट होते आणि ती मला पटली. जुने कपडे संग्रहालयात पाहायला मिळतात हे खरे, पण तिथे ते मंद उजेडात, काचेआड, निश्चल पुतळ्यावर चढवलेले असतात आणि ते कोणालाही घालून दाखवता येत नाहीत. शिवाय जे टिकले ते सर्वसाधारण कपडे नव्हेत. लग्नाचे, दरबाराचे आणि श्रीमंतांच्या घरचे कपडे जपले गेले. रोजचे कपडे झिजेपर्यंत वापरले गेले, उसवून लहान मुलांसाठी पुन्हा शिवले गेले आणि अखेर चिंध्यांत जमा झाले. पडद्यावरचा पोशाख अस्सल नसतो, मात्र तो जिवंत माणसाच्या अंगावर असतो. त्यात माणूस बसतो, जिना उतरतो, दारातून आत शिरताना घेर सावरतो. संग्रहालयाने कापड दाखवावे आणि चित्रपटाने हालचाल दाखवावी, अशी ही वाटणी आहे, आणि जोपर्यंत अभ्यासक्रम दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो तोपर्यंत तो उत्तम चालतो.

याचे पहिले उदाहरण १९८८ च्या 'डेंजरस लायझन्स'च्या सुरुवातीचे आहे. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीच्या काळातील दोन उमराव व्यक्तिरेखा सकाळी सेवकांच्या हातून तयार होत आहेत, एवढाच तो प्रसंग. व्याख्याती तो थांबवत थांबवत दाखवते आणि प्रत्येक थराशी येऊन बोलते. आतला शर्ट का धुता येतो आणि वरचे रेशीम का धुता येत नाही, नाड्या मागून आवळायच्या असल्यामुळे दुसऱ्या माणसाचे हात कसे अपरिहार्य होतात, झग्याचा पुढचा भाग बटणांऐवजी टाचण्यांनी कसा जोडला जात असे, हे सगळे त्या काही मिनिटांत उलगडते. जेम्स ॲचिसन यांना या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले, ही माहिती तशी कुठेही मिळेल; पण नोकरांशिवाय अंगावर चढूच न शकणारा कपडा म्हणजेच त्या समाजरचनेचा पुरावा, हे ज्या रीतीने इथे दाखवले आहे, तसे ते माझ्या वाचनातल्या कोणत्याही पुस्तकाला साधलेले नाही.

त्याच शतकावरच्या 'बॅरी लिंडन'ला (१९७५) दिलेले व्याख्यानही तोलामोलाचे आहे. मिलेना कॅनोनेरो आणि उला-ब्रिट सॉडरलुंड यांनी या चित्रपटासाठी अठराव्या शतकातील काही खरे कपडे मिळवून त्यांचा अभ्यास केला होता. काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित झाले आणि त्यासाठी मुळात नासासाठी बनवलेली, एफ/०.७ इतक्या मोठ्या छिद्राची झाइसची भिंगे वापरली गेली. छायाचित्रणाच्या इतिहासात हा किस्सा नेहमीच सांगितला जातो. इथे मात्र त्यातून कापडाबद्दलचा निष्कर्ष काढला आहे : जरीचे भरतकाम आणि चकाकणारे रेशीम हे त्या हलत्या, पिवळसर उजेडासाठीच केलेले असे. दिव्यांच्या सपाट प्रकाशात जे भडक वाटते, तेच ज्योतीच्या उजेडात योग्य प्रमाणात चमकते. व्याख्यातीने संग्रहालयातील एका कोटाचे छायाचित्र आणि चित्रपटातील जुगाराच्या टेबलाची चौकट शेजारी ठेवली आहे. कोटाच्या कडेची वेलबुट्टी पहिल्या चित्रात नुसती नक्षी दिसते. दुसऱ्या चित्रात मात्र अशीच कड अंधारात माणसाची बाह्यरेषा आखून देते. हे पाहण्यासाठीच हा अभ्यासक्रम घ्यावा असे मला वाटते.

यानंतरचा भाग संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वांत समृद्ध आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिची तीन रूपांतरे इथे एकमेकांसमोर ठेवली आहेत. १९४० च्या हॉलिवूडच्या चित्रपटात वेशभूषाकार एड्रियन यांनी बायकांना फुगीर बाह्या आणि रुंद घेराचे झगे दिले, जे कथेच्या काळापेक्षा साधारण दोन दशके पुढचे, म्हणजे १८३० च्या आसपासचे आहेत. १९९५ च्या बीबीसीच्या मालिकेत कंबररेषा छातीच्या लगेच खाली, म्हणजे त्या काळात जिथे होती तिथेच आहे. २००५ च्या चित्रपटात दिग्दर्शक जो राइट यांना ती उंच कंबररेषा आवडत नसल्यामुळे कथेचा काळच १७९० च्या दशकाच्या अखेरीस सरकवला गेला, कंबर खाली आली आणि वेशभूषाकार जॅकलिन डुरन यांना एक वेगळीच संधी मिळाली. या सरकवण्याला आधारही आहे, कारण कादंबरीचा पहिला खर्डा १७९६-९७ मध्येच लिहिला गेला होता.

व्याख्याती तिन्हींतील नाचाचे प्रसंग घेते आणि प्रत्येक चौकटीवर कंबररेषेची एक लाल रेघ ओढते. रेघ एकदा खाली, एकदा अगदी वर आणि एकदा मधेच येते. एवढ्या साध्या युक्तीने जे कळते ते पानभर वर्णनाने कळले नसते. ती पुढे असेही दाखवते की २००५ च्या चित्रपटात सगळ्या व्यक्तिरेखा एकाच वर्षाच्या फॅशनमध्ये नाहीत : गावातली आई आपल्या तारुण्यातल्या धाटणीचे कपडे घालते, आणि शहरातून आलेली श्रीमंत तरुणी नव्या, उंच कंबरेच्या झग्यात वावरते. खऱ्या आयुष्यात सगळा समाज एकाच दिवशी कपडे बदलत नाही, ही गोष्ट अनेक 'अचूक' म्हणवणाऱ्या कलाकृती विसरतात. कॅलेंडरच्या वर्षाशी काटेकोरपणे जुळणारी वेशभूषा म्हणूनच अनेकदा खोटी वाटते.

याच काळावरच्या 'ब्रिजर्टन' मालिकेबद्दलचे विवेचनही समतोल आहे. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीला आईच्या देखरेखीखाली एका मुलीची कॉर्सेट जीव कासावीस होईपर्यंत आवळली जाते. या दृश्यावर बरीच टीका झाली आणि ती रास्तही होती, कारण उंच कंबरेच्या झग्यात प्रत्यक्ष कंबर दिसतच नाही. त्या काळच्या अंतर्वस्त्राचे काम छातीला आधार देण्याचे होते, कंबर आवळण्याचे नव्हे. इथवर सगळेच सांगतात. व्याख्याती त्यापुढे जाऊन तांत्रिक कारण देते. नाडी ओवण्याच्या छिद्रांना धातूची कडी बसवण्याची पद्धत १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये सुरू झाली. तोपर्यंत ही छिद्रे सुईदोऱ्याने काजासारखी विणून घेत, आणि फार जोर लावला तर ती फाटत. म्हणजे मुळात इतके करकचून आवळणे त्या कपड्याला झेपणारे नव्हते. पडद्यावर कॉर्सेटच्या पाठीवर धातूच्या चकचकीत कड्या दिसल्या की कथेचे वर्ष तपासावे, ही खूणगाठ मी तेव्हापासून मनाशी बांधली आहे. त्याच वेळी, या मालिकेने अचूकतेचा दावा कधीच केला नव्हता आणि टोप्या जाणीवपूर्वक वगळल्या होत्या, हे सांगायला ती विसरत नाही. कल्पनाविलासाला इतिहासाच्या परीक्षेत बसवून नापास करण्यात फारसे शौर्य नाही.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध मात्र घाईघाईने उरकला आहे. १८५६ या एकाच वर्षी पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचे, म्हणजे झग्याचा घेर फुगवणाऱ्या आतल्या सांगाड्याचे, पेटंट घेतले गेले आणि विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाला जांभळा कृत्रिम रंग गवसला. घेर आणि रंग दोन्ही एकदमच बदलले. एवढ्या मोठ्या उलथापालथीला वीस मिनिटेही मिळत नाहीत. 'गॉन विथ द विंड'मधील (१९३९) पडद्याच्या कापडापासून शिवलेला हिरवा झगा दाखवला जातो, वेशभूषाकार वॉल्टर प्लंकेट यांचे नाव घेतले जाते, पण अमेरिकेच्या यादवी युद्धातील बंदरांच्या नाकेबंदीमुळे दक्षिणेत कापडाचा दुष्काळ कसा पडला आणि म्हणून तो झगा केवळ नाट्यमय कल्पना कशी नाही, हे एका वाक्यात आटोपते. १८७० च्या दशकातील मागच्या बाजूला फुगवलेल्या झग्यांसाठी 'द एज ऑफ इनोसन्स' (१९९३) पाहावा, असे सांगून व्याख्यान संपते. हा भाग ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी अन्यत्र शोध घ्यावा.

विसाव्या शतकात शिरताच अभ्यासक्रमाला पुन्हा सूर सापडतो. 'डाउन्टन ॲबी'च्या पहिल्या पर्वात धाकटी मुलगी रात्रीच्या जेवणाआधी निळ्या, सैल, घोट्याशी आवळलेल्या विजारीत दिवाणखान्यात येते आणि घरातल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. या प्रसंगामागे पॅरिसचे फॅशनकार पॉल प्वारे आहेत. त्यांनी १९११ च्या आसपास पौर्वात्य धाटणीच्या विजारी पुढे आणल्या, आणि त्याआधी काही वर्षे कॉर्सेटविना घालता येणारे झगेही केले होते. एका विजारीतून कला, साम्राज्याच्या काळातील 'पूर्वे'चे आकर्षण आणि स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ असे तिन्ही धागे व्याख्याती सहजपणे ओढते.

पुढची जोडी आहे 'द ग्रेट गॅट्सबी'ची. १९७४ च्या चित्रपटासाठी थिओनी ऑल्ड्रेज यांना आणि २०१३ च्या चित्रपटासाठी कॅथरिन मार्टिन यांना, अशी दोन्ही वेळा वेशभूषेची ऑस्कर पारितोषिके मिळाली. कथा घडते १९२२ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी स्कर्टची कड अजून पोटरीच्या बरीच खाली होती. गुडघ्यापर्यंत ती पोहोचली दशकाच्या उत्तरार्धात. तरीही विसाचे दशक म्हटले की प्रेक्षकाच्या मनात गुडघ्यापर्यंतचा, झालरी लावलेला झगाच उभा राहतो आणि वेशभूषाकार त्या अपेक्षेला सामोरे जातात. शिवाय त्या काळी आदर्श मानलेली सपाट, सरळ शरीररेषा आजच्या प्रेक्षकाला आकर्षक वाटत नाही, म्हणून २०१३ चे झगे अंगाला अधिक धरून बसतात, हे निरीक्षणही नेमके आहे.

यातूनच अभ्यासक्रमाचा सर्वांत उपयुक्त धडा पुढे येतो. पोशाखापेक्षा केस आणि मेकअप चित्रपटाच्या निर्मितीचे वर्ष अधिक उघड करतात. 'डॉक्टर झिवागो' (१९६५) रशियन क्रांतीच्या काळातला आहे, पण नायिकांच्या पापण्यांवरची रेघ आणि केसांचा फुगवटा साठच्या दशकाचा आहे. 'बॉनी अँड क्लाइड' (१९६७) १९३० च्या दशकातल्या गुन्हेगारांची गोष्ट सांगतो, मात्र थिओडोरा व्हॅन रंकल यांनी नायिकेला दिलेली बेरे टोपी आणि पोटरीपर्यंतचा स्कर्ट मोकळ्या, सरळ केसांबरोबर इतका समकालीन दिसला की प्रेक्षकांनी तो लगेच उचलला. नट-नटीचा चेहरा निर्मात्यांना प्रेक्षकांच्या आवडीचाच हवा असतो, म्हणून कपडे मागे नेता येतात, चेहरा नेता येत नाही, असे व्याख्याती म्हणते. माझ्या मते दुसरेही कारण आहे : आपल्या काळातले सौंदर्य आपल्याला 'फॅशन' वाटतच नाही, ते नैसर्गिक वाटते. वीस वर्षांनी मात्र त्याच चेहऱ्यावर तारीख छापल्यासारखी दिसते.

आता माझ्या तक्रारी. पडद्याने बाजारावर काय परिणाम केला, या विषयावरचे व्याख्यान निराशाजनक आहे. 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये (१९३४) क्लार्क गेबलने शर्टाखाली बनियन घातली नाही आणि देशभरात बनियनचा खप कोसळला, ही कहाणी इथे सिद्ध झाल्यासारखी सांगितली आहे, वास्तविक तिला भक्कम पुरावा कोणीही दिलेला नाही. एड्रियन यांनी 'लेटी लिंटन'मध्ये (१९३२) जोन क्रॉफर्डला दिलेल्या फुगीर, झालरदार बाह्यांच्या झग्याच्या पाच लाख प्रती एकाच दुकानसाखळीने विकल्या, हा आकडाही तसाच. इतिहासकारांनी त्यावर शंका घेतलेली आहे. झग्याचा प्रभाव मोठा होता यात वाद नाही, पण प्रसिद्धी विभागाने फुगवलेला आकडा आणि इतिहास यांतला फरक ज्या अभ्यासक्रमाने शिकवायचा, त्यानेच तो पुसावा हे खटकते. याउलट जे खरोखर नोंदलेले आहे ते सांगायचे राहून गेले. १९३० च्या दशकात अमेरिकेत चित्रपटांतील पोशाखांच्या तयार नकला पुरवणारी व्यवस्थित यंत्रणा उभी होती, मोठ्या दुकानांत त्यासाठी स्वतंत्र विभाग होते, आणि चित्रपट झळकण्याच्या सुमारास माल मांडला जाईल अशी आखणी केली जात असे. दंतकथेपेक्षा हा व्यवहार कितीतरी रंजक आहे.

त्याच व्याख्यानातील श्रेयाविषयीचा भाग मात्र चांगला आहे. 'सब्रिना'तील (१९५४) पॅरिसहून परतलेल्या नायिकेचे पोशाख पॅरिसचे फॅशनकार ह्यूबर दे जिव्हाँशी यांच्याकडचे होते, पण ऑस्कर मिळाले ते एडिथ हेड यांना, आणि जिव्हाँशी यांचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. आठ ऑस्कर मिळवणाऱ्या हेड यांचे कर्तृत्व याने कमी होत नाही, मात्र स्टुडिओच्या विभागप्रमुखाच्या नावाखाली किती हातांचे काम दडलेले असते हे त्यातून कळते.

मालिकांवरचा विभाग 'मॅड मेन' आणि 'द क्राउन' या दोघींवर उभा आहे. 'मॅड मेन'ची कथा १९६० मध्ये सुरू होऊन १९७० पर्यंत जाते. जेनी ब्रायंट यांनी अभिनेत्रींना त्या काळच्या धाटणीची अंतर्वस्त्रेही घालायला लावली, त्यामुळे बसणे, वळणे, खुर्चीतून उठणे सारे बदलले. दीर्घ मालिकेचा फायदा असा की कपड्यांनाही वय होते. तोच कोट पुन्हा दिसतो, उपनगरातली गृहिणी पन्नासच्या दशकाचा घेर लवकर सोडत नाही, आणि कार्यालयातल्या तरुण मुलींचे स्कर्ट आधी आखूड होतात. चित्रपटाच्या दोन तासांत हे दाखवता येत नाही.

'द क्राउन'बद्दल माझे मत व्याख्यातीपेक्षा वेगळे आहे. राणी एलिझाबेथ यांचा १९४७ चा विवाहपोशाख आणि १९५३ चा राज्याभिषेकाचा पोशाख यांच्या हुबेहूब प्रतिकृतींवर ती बराच वेळ खर्च करते. ज्याची शेकडो छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्याची प्रतिकृती कारागिरी म्हणून थोर असली तरी इतिहास म्हणून नवे काही सांगत नाही. त्यापेक्षा त्या विवाहपोशाखासाठी राजकन्येलाही कपड्यांची कुपने लागली आणि सरकारने तिला दोनशे जादा कुपने दिली, कारण ब्रिटनमध्ये जून १९४१ ते मार्च १९४९ या काळात कपड्यांचे रेशनिंग होते, ही एका ओळीत येऊन गेलेली गोष्ट अधिक मोलाची होती.

पुरुषांचे कपडे आणि गरिबांचे कपडे या दोन्ही बाबतींत अभ्यासक्रम तोकडा पडतो. 'माल्कम एक्स'मधील (१९९२) रुथ कार्टर यांचे लांब कोटांचे, ढगळ विजारींचे झूट सूट दाखवताना, युद्धकाळात १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने कापडाच्या वापरावर मर्यादा घातल्यामुळे एवढे कापड अंगावर मिरवणे हेच कसे आव्हान ठरले आणि १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यावरून दंगली कशा उसळल्या, हे छान सांगितले आहे. पण पुरुषांसाठी जवळजवळ एवढेच. कष्टकऱ्यांच्या वाट्याला तर 'द फेव्हरिट'मधील (२०१८) मुदपाकखान्याचे कपडे सँडी पॉवेल यांनी जुन्या जीन्सच्या डेनिमपासून शिवले, हा एक किस्सा येतो. भानू अथैया आणि जॉन मोलो यांच्या 'गांधी'ला (१९८२) एक स्थिरचित्र मिळते. सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून खादीच्या पंचापर्यंतचा प्रवास, जिथे कपडा हाच राजकीय निर्णय आहे, तो एका चित्रात कसा मावणार?

वेशभूषा भाड्याने देणाऱ्या संस्थांचा विषय शेवटी अगदी थोडक्यात येतो, आणि तो सुरुवातीलाच यायला हवा होता. लंडनच्या कॉसप्रॉपसारख्या संस्थांकडचे झगे एका निर्मितीतून दुसरीत जातात, कॉलर बदलतात, कड वाढवतात. म्हणजे दोन मालिकांत एकाच धाटणीची बाही दिसली, तर तो त्या काळाविषयीचा दुहेरी पुरावा ठरेलच असे नाही. कदाचित ती एकच बाही असेल.

तांत्रिक बाजू साधारण आहे. चित्रपटांतील दृश्ये हक्कांच्या कारणाने लहान आकारात आणि काही सेकंदांपुरतीच दाखवली जातात, त्यामुळे मूळ चित्रपट हाताशी असलेला बरा. आपोआप तयार झालेल्या उपशीर्षकांत कापडांची आणि वेशभूषाकारांची नावे वाटेल तशी उमटतात. चाचण्या बालिश आहेत. 'या चौकटीतील चूक ओळखा' या प्रकारापलीकडे त्या जात नाहीत. संज्ञापुस्तिका मात्र उत्तम आहे. शिवणकामाची थोडीफार ओळख असलेल्यांना, नाटकाच्या वेशभूषेत काम करणाऱ्यांना आणि जुने चित्रपट आवडीने पाहणाऱ्यांना हा अभ्यासक्रम मी निःसंकोच सुचवेन. संदर्भांसह काटेकोर इतिहास हवा असणाऱ्यांनी बाजारपेठेवरचे व्याख्यान सरळ वगळावे. भाड्याच्या पोशाखांवरचे व्याख्यान आधी ऐकून मग पहिल्याकडे वळावे. बेतणीच्या आकृत्या मात्र छापूनच घ्याव्यात, कारण मोबाइलच्या पडद्यावर त्यांतल्या शिवणरेषा एकमेकींत मिसळून जातात.